देवमाशाच्या तेलावर उजळलेलं शहर

यंदा लक्ष्मीपूजनाला पणतीत तेल घालताना क्षणभर थांबा. हे तेल आलं कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. बॉस्टनहून गाडीने तासाभरावर असलेलं न्यू बेडफर्ड मात्र एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या तेलावरच श्रीमंत झालं. ते तेल होतं देवमाशाचं, म्हणजे व्हेलचं.

१८५७ साली या एका बंदराची ३२९ जहाजं देवमाशांच्या शिकारीवर होती. एकेक सफर तीन-चार वर्षांची; अटलांटिक, पॅसिफिक, हिंदी महासागर, सगळीकडे. मारलेल्या देवमाशाची चरबी डेकवरच, विटांच्या भट्टीवर मोठ्या कढयांत कढवायची आणि तेल पिंपांत भरायचं. खलाशांना पगार नव्हता, नफ्यात वाटा असे. नवख्याला दोनशेवा हिस्साही मिळे. कपडे, तंबाखू जहाजावरून उधार घेतलेलं त्यातून कापलं जाई. चार वर्षांनी रिकाम्या हाती परतणारेही होते. या जहाजांवर कामाला आलेल्या अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरच्या लोकांचे वंशज आजही न्यू बेडफर्डमध्ये राहतात.

आता त्या काळच्या एखाद्या घरात डोकावून बघा. दिव्यात देवमाशाचं तेल. श्रीमंताघरी स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणासारख्या पदार्थाची, स्पर्मासेटीची मेणबत्ती. तिला ना धूर, ना वास. तिचा उजेड इतका एकसारखा, की १८६० साली ब्रिटनमध्ये ठरवलेली ‘कॅण्डलपॉवर’ ही याच मेणबत्तीच्या मापाने ठरली. बाईच्या कॉर्सेटमध्ये, छत्रीच्या काड्यांत आणि घोडागाडीच्या चाबकात देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या. गिरण्यांच्या यंत्रांना वंगण त्याच्याच तेलाचं. अत्तरात त्याच्या आतड्यात तयार होणारं अंबर. मराठी वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ विकताना कुणाला पकडल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, ते हेच अंबर. भारतात त्याच्या व्यापाराला बंदी आहे.

१८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला जमिनीतून खनिज तेल निघालं. स्वस्त रॉकेल घरोघरी गेलं आणि न्यू बेडफर्डचा धंदा उतरणीला लागला. रॉकेलने देवमासे वाचवले, असं म्हणूनच आपण ऐकतो. पण पुढची गोष्ट वेगळी आहे.

रॉकेल आलं तसं वाफेचं जहाज आणि स्फोटकाचा भालाही आला. पूर्वी होडीच्या हाती न लागणारे वेगवान देवमासे आता सुटेनासे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तेल घट्ट करून वासरहित करण्याची रीत सापडली. मग ते साबणात गेलं, आणि मार्गारिन होऊन युरोपातल्या पावावरही. समुद्रावरच चालणारे कारखाने अंटार्क्टिकापर्यंत पोहोचले. विसाव्या शतकात अंदाजे २९ लाख देवमासे मारले गेले. पर्याय मिळाला म्हणून शिकार थांबली नाही. तेलाला नवं गिऱ्हाईक मिळालं. ती आवरली माणसांनी केलेल्या नियमांनी. अमेरिकेने १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ साली झाला. काही देश आजही तो पाळत नाहीत.

मुलांना घेऊन न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये जरूर जा. तिथे ‘लगोडा’ या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढता येतं. आत शिरल्यावर वर बघा: १९९८ साली जहाजाच्या धडकेने मेलेल्या एका कोवळ्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. इतकी वर्षं झाली तरी त्याच्या हाडांतून तेल झिरपत राहिलं आहे, आणि ते नळीने एका बाटलीत गोळा केलेलं दिसतं.

आपल्या किनाऱ्याजवळून जाणारे राइट व्हेल आता चारशेहूनही कमी उरले आहेत. त्यांना आज भाल्याची भीती नाही. भीती आहे ती आपला माल आणणाऱ्या जहाजांची आणि आपल्या ताटातल्या लॉबस्टरसाठी टाकलेल्या दोरांची. वसंतात केप कॉडच्या किनाऱ्यावरूनही ते कधीकधी दिसतात. दिसले, तर मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.