मांडव कुणाचा, मत कुणाचे

राज्यभर शाखा असलेल्या कोणत्याही संस्थेची अधिवेशन पत्रिका हातात घ्या. पहिल्या पानावर उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे. आतल्या पानांवर परिसंवाद आणि रात्रीचा मनोरंजनाचा कार्यक्रम. मागच्या पानावर, निवास-भोजनाच्या सूचनांखाली, बारीक टायपात वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस असते. तिच्याही खाली एक टीप: गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी लागल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. ही टीप घालणाऱ्या चिटणिसाला आपली माणसे पक्की ठाऊक असतात. पंगतीला हजार पाने उठली तरी कारभार ठरवायला पन्नासजण मांडवात उरतील, याची त्याला खात्री नसते.

एका संस्थेच्या तालुका शाखेतर्फे मी अशा अधिवेशनांना जात आलो आहे. आमच्या जिल्ह्याकडे यजमानपद आले तेव्हा स्वागत समितीतही होतो. तेव्हापासून जुन्या अधिवेशनांचे वृत्तांत वाचायची खोड लागली. ते वाचताना व्यासपीठावरची भाषणे हळूहळू मागे पडतात आणि तीन साध्या बाबी पुढे येतात: जागा कुठली घेतली, प्रतिनिधी कोणाला म्हटले आणि खर्च कोणी केला. ठराव बहुधा तिथेच पक्का झालेला असतो.

प्रतिनिधी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न पुण्याने फार लवकर आणि फार कडकपणे सोडवला होता. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. मूळ निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले गेलेले गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण. सभेचा नियम असा, की सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. तुम्ही कितीही विद्वान असा, स्वतःच्या नावाने तिथे बसता येत नसे. आरंभीच्या 95 सभासदांमागे अशा सुमारे 6,000 लोकांच्या सह्या होत्या. सरकारने ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारले तर कागद तयार. आजच्या संस्थांमध्ये वर्गणीची पावती दाखवली की प्रतिनिधीची फीत छातीला लागते. मागे कोण आहे, हे कोणी विचारत नाही. विचारले तर बहुतेकांची पंचाईत होईल. माझीही झाली असती.

याच सभेच्या वाट्याला मोठे यजमानपद येऊन हुकले. 1885 च्या डिसेंबरात काँग्रेसची पहिली बैठक पुण्यात भरायची होती आणि व्यवस्था सार्वजनिक सभेकडे होती. ऐन वेळी पुण्यात पटकी आली. बैठक मुंबईला हलवावी लागली आणि 28 डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधी जमले. पुण्याने त्यासाठी केलेल्या तयारीची आठवण आज कोणाला नाही. स्वागत समितीच्या नशिबी हे असतेच.

पुण्याला ते यजमानपद दहा वर्षांनी, 1895 मध्ये मिळाले, आणि भांडण झाले ते मांडवावरून. काँग्रेसचे काम आटोपले की त्याच मांडवात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरवायची, असा प्रघात होता. टिळक पक्षाने हरकत घेतली. काँग्रेससाठी सगळ्यांनी वर्गणी दिली आहे, त्यात सुधारणा न मानणारेही आहेत. मग त्यांच्या पैशाने उभारलेला मांडव सुधारकांना का द्यायचा? प्रकरण मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गेले. रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळ्या मांडवात भरवली. या वादात माझे मन रानड्यांकडे झुकते, पण वर्गणीचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. आमच्या अधिवेशनात एका स्थानिक पुढाऱ्याने मांडवाचा खर्च उचलला, तेव्हा त्यांचे चाळीस मिनिटांचे भाषणही आम्हाला उचलावे लागले.

गाव निवडणे हे तर उघड राजकारण. 1907 ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. तिथल्या स्वागत समितीतच जहाल आणि नेमस्त यांचे जुळेना, तेव्हा अधिवेशन सुरतेला नेण्यात आले. सुरत म्हणजे फिरोजशहा मेहतांचा प्रभाव असलेला मुलूख. जिथे अधिवेशन, तिथलेच प्रतिनिधी सर्वांत जास्त, हे तेव्हाही खरे होते. शिवाय यजमान प्रांतातला अध्यक्ष नसावा असा संकेत होता आणि सुरत मुंबई इलाख्यात, म्हणजे टिळकांचे नाव आपोआप बाजूला. अध्यक्षपदी रासबिहारी घोष यांची निवड होण्याआधी आपल्याला तहकुबीची सूचना मांडायची आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्षांना पाठवली. चिठ्ठीची दखल घेतली गेली नाही. टिळक व्यासपीठावर चढले, गोंधळ माजला, एक पुणेरी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा दोघांना लागला. शाळेत आपण जोड्याची गोष्ट शिकतो आणि चिठ्ठी विसरतो. एका सभासदाने नियमाप्रमाणे दिलेली लेखी सूचना अध्यक्षाने घ्यायची की नाही, इथे ते अधिवेशन मोडले. पुढच्या वर्षी अलाहाबादेत नेमस्तांनी घटना लिहून काढली. तीत प्रतिनिधीने संस्थेच्या ध्येयावर सही करायची अट आली.

नागपूरची पाळी आली ती 1920 मध्ये. त्या अधिवेशनाला 14,582 प्रतिनिधी आले. एवढ्या माणसांत चर्चा कसली करणार? मग तिथेच नवी घटना झाली. चार आणे वर्गणीचे सभासदत्व, भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या आणि दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. राज्य पातळीच्या संघटनांत आज जी उतरंड दिसते, म्हणजे गाव, तालुका, जिल्हा आणि प्रत्येकाचा ठरावीक कोटा, ती अशाच आखणीतून रुळत गेली. सोळा वर्षांनी, डिसेंबर 1936 मध्ये, महाराष्ट्र प्रांतिकने फैजपूरला खेड्यातले पहिले अधिवेशन भरवले. पंडित नेहरू अध्यक्ष, शंकरराव देव स्वागताध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या सामानातून केलेली सजावट, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींची मेहनत. फैजपूरवर लिहिलेले पुष्कळ आहे, म्हणून इथे थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते चांदवडला.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, रेणुकामातेच्या डोंगराखाली, होळकरांच्या रंगमहालाचे हे नाशिक जिल्ह्यातले गाव. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी शेतकरी संघटनेने इथे शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून लाखावर बाया आल्या. तारीख मुद्दाम निवडलेली होती. 1980 च्या ऊस-कांदा आंदोलनात निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला रेल्वे रोखताना गोळीबार झाला आणि दोन शेतकरी गेले. तेव्हापासून 10 नोव्हेंबर हा संघटनेचा हुतात्म्यांचा दिवस. पण तारखेला दुसरीही बाजू होती. भाऊबीज होऊन आठवडाही झालेला नव्हता. घरात पाहुणे, रानात खरिपाची काढणी, कापसाची वेचणी. अशा दिवसांत घरची बाई दोन रात्री बाहेर काढायची म्हणजे त्या घरातल्या पुरुषाने आधी हो म्हणायला हवे, आणि सासूने त्याहून आधी.

हे कसे साधले? शरद जोशी हा माणूस स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला होता. 1979 मध्ये उभी राहिलेली त्याची संघटना तोवर पुरुषांचीच होती. बाया मोर्चात असत, तुरुंगातही गेल्या होत्या; पण प्रश्न कांद्याच्या, उसाच्या, तंबाखूच्या भावाचे. चांदवडच्या आधी गावोगाव बायकांच्या बैठका झाल्या, शिबिरे झाली. तिथे भावाच्या गोष्टींबरोबर पाणी, सरपण, दारू, मारहाण, आणि नावावर नसलेली जमीन या गोष्टी निघाल्या. म्हणजे अधिवेशनात काय बोलायचे ते अधिवेशनाआधीच बोलून झाले होते. लाखाच्या सभेत कोणी विचार करत नसते. विचार आधी वीसजणींच्या ओसरीवर व्हावा लागतो, आणि तो झाला असेल तर लाखाच्या सभेला अर्थ येतो. नाहीतर ती जत्रा.

या संघटनेत मुखत्यारपत्र नव्हते. छातीवरचा लाल बिल्ला हीच ओळख, आणि स्वखर्चाने यायचे, भाकरी बांधून आणायची, ही रीत. तिचे महत्त्व मला स्वागत समितीत बसल्यावर कळले. आमच्या खर्चाचा मोठा वाटा आचारी, किराणा आणि मांडवात जातो. तो भागवायला स्मरणिका काढावी लागते. स्मरणिकेला जाहिराती पतसंस्था, दूधसंघ आणि बिल्डर देतात, आणि जाहिरात देणारा सत्काराच्या यादीत येतो. सत्कार तीसच्या वर गेले की ठरावांचा वेळ गेला. भाकरी स्वतःची असली तर ही साखळी सुरूच होत नाही.

चांदवडला ठरलेल्या गोष्टी पुढे कितपत झाल्या, हे मोजता येते. जिल्हा परिषद आणि पंचायतीच्या सगळ्या जागा स्त्रियांनी लढवाव्यात, असा तिथला विचार. त्यातून पुढे समग्र महिला आघाडी निघाली. 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला ग्रामपंचायतीवर सगळ्या स्त्रिया निवडून आल्या. सरकारने स्थानिक संस्थांत 30 टक्के जागा राखून ठेवल्या त्या 1990 मध्ये, आणि 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली 1993 मध्ये. म्हणजे गाव कायद्याच्या पुढे होते. लक्ष्मीमुक्तीची मोहीमही याच वाटेवरची. नवऱ्याने जमिनीचा हिस्सा खुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात अशी शंभर घरे होतील, त्या गावाच्या सत्काराला जोशी जाणार. सत्काराचा इतका बरा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सातबाऱ्यावर नाव चढले की पाहुणा मांडवात येणार. त्याचे चाळीस मिनिटांचे भाषणही मग ऐकायला हरकत नाही. जिल्हा परिषदेच्या सगळ्या जागा लढवण्याची गोष्ट मात्र विटनेरसारख्या काही गावांपुढे फारशी गेली नाही. विचार मोठा होता, आणि दोन रात्रींसाठी हो म्हणणारी घरे पाच वर्षांसाठी तयार नव्हती, असा माझा अंदाज.

सामान्य संस्थेचे अधिवेशन या मानाने लहान, पण आखणी तीच. आम्ही तारीख काढायला बसलो तेव्हा आधी लग्नतिथी पाहिल्या, कारण मंगल कार्यालय हवे होते. मग दहावी-बारावीच्या परीक्षा, कारण झोपायला शाळेचे वर्ग हवे होते. मग आचारसंहिता. उरल्या त्या तारखांत आचारी मोकळा नव्हता. निवासाच्या वर्गांवर जिल्ह्यांची नावे खडूने लिहिली, गाद्या भाड्याने आणल्या आणि बायकांसाठी किती न्हाण्या आहेत हे कोणी पाहिलेच नव्हते. ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वहिनींनी आदल्या संध्याकाळी विचारले, आणि सगळी स्वागत समिती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. लांबच्या जिल्ह्यातले लोक एसटीची गाडी प्रासंगिक करारावर करून येतात. गाडी परतायची वेळ करारात ठरलेली असते, आणि तिथेच ठरावांचा घात होतो. ठराव समारोपाच्या सत्रात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर. गडचिरोलीची माणसे तोवर गाडीत बसलेली असतात. उरलेल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे चिटणीस ठराव क्रमांक एक ते अकरा वाचतात, ‘सूचक, अनुमोदक’ म्हणून आधीच लिहून ठेवलेली नावे घेतात, आणि राष्ट्रगीत होते.

निवडणूक असेल तर मात्र माणसे थांबतात. पण तो निकालही मांडवात पुरा होत नाही. नोंदणीकृत संस्थेने नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम 22 तसे सांगते. पराभूत गटाने हरकत घेतली की पहिला प्रश्न विचारला जातो तो नोटिसीचा: सभेची सूचना सर्व सभासदांना, घटनेत सांगितलेल्या मुदतीत, पोचली होती का? टपालाची पोच कुठे आहे? सुरतेच्या चिठ्ठीचाच हा धाकटा भाऊ. गाजलेल्या अधिवेशनात बिनविरोध निवडून आलेली मंडळे या एका पोचपावतीपायी वर्षानुवर्षे लटकलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे अलीकडे एक फरक झाला. ठराव महिनाभर आधी शाखांना पाठवायचे आणि पहिल्या दिवशी सकाळीच, उद्घाटनाच्याही आधी, घ्यायचे, असे ठरले. प्रमुख पाहुण्यांना बाहेर गाडीत बसून राहावे लागले आणि त्यांचे स्वीय सहायक दोनदा आत डोकावून गेले. दहा ठराव तासाभरात झाले. अकरावा होता वार्षिक वर्गणी शंभरावरून दोनशे करण्याचा. त्यावर सव्वीसजण बोलले. त्यांतले काही त्याआधीच्या कोणत्याही अधिवेशनात एक शब्द बोललेले नव्हते. हात मोजताना दोन्ही बाजूंचा हिशोब जुळेना, म्हणून जिल्हावार उभे करून पुन्हा मोजले. ठराव सात मतांनी पडला, आणि कोषाध्यक्षांनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेचे दरपत्रक वाटायला घेतले.