विश्लेषण : शेंगदाण्यातील विष पकडणारा पॉलिमरचा साचा काय आहे?

खवट शेंगदाणा तोंडात टाकताच कळतो. अफ्लाटॉक्सिन कळत नाही. अ‍ॅस्परजिलस गटातील बुरशी शेंगदाणा, मका, मिरची यांवर वाढताना हे विष तयार करते. दाणे भाजल्याने ते कमी होते, पण पूर्ण जात नाही. 1974 मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक जण दगावले होते. हेच विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सध्याची चाचणी कुठे अडते?

प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात भारतात किलोमागे 15 मायक्रोग्रॅमपर्यंतच अफ्लाटॉक्सिन चालते. मिठाचा एक बारीक कणही याहून जड असतो! इतके कमी विष शोधण्यासाठी अनेक किटमध्ये प्रतिपिंडे वापरतात. ती अचूक असतात, पण महाग आणि नाजूक. सहसा 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात हे जमणार कसे?

पॉलिमर काय करतो?

मूर्तिकार मूर्तीभोवती साचा घेतो, तसाच हा प्रकार. विषाच्या रेणूभोवती मेथॅक्रिलिक आम्लासारखे छोटे रेणू जमवून त्यांचा घट्ट पॉलिमर बनवतात. मग मधला रेणू धुऊन काढतात. मागे त्याच्या आकाराची पोकळी उरते. दाण्यांचा अर्क त्यावरून सोडला की विष पोकळीत अडकते, इतर बहुतेक घटक वाहून जातात. अडकलेले विष नंतर सोडवून मोजतात. अतिनील प्रकाशात ते चमकते, हे सोयीचेच. जर्मनीतील गुंटर वुल्फ आणि स्वीडनमधील क्लाउस मोसबाख यांनी या तंत्राचा पाया घातला. असा पॉलिमर उष्णता सहन करतो आणि पुन्हा वापरता येतो.

साच्यासाठी खरे विषच लागते?

नाही, आणि ते टाळलेलेच बरे. धुऊनही आत राहिलेले विष पुढे पाझरले, तर चांगला मालही दूषित ठरेल. म्हणून 5,7-डायमेथॉक्सीकूमारिनसारखा त्याच धाटणीचा दुसरा रेणू वापरतात.

मग अडचण कोणती?

सगळ्या पोकळ्या सारख्या होत नाहीत. त्यामुळे अचूकतेत प्रतिपिंडे अनेकदा सरस ठरतात. मोठी अडचण मात्र पोत्यातच आहे. विष सगळीकडे सारखे पसरलेले नसते, मोजक्या दाण्यांत साठलेले असते. मूठभर नमुन्यात ते दाणे आले नाहीत, तर कोणतीही चाचणी पोते बिनधोक ठरवेल. म्हणून वेगवेगळ्या पोत्यांतून काही किलो दाणे काढून, एकत्र दळून, मगच त्यातला नमुना तपासावा लागतो.