‘पहिल्या श्रेणी’चे क्रीडागार : एका करारातील विशेषणाचा विचार

क्रीडागारांच्या उभारणीस सार्वजनिक निधीतून साहाय्य द्यावे की नाही, हा वाद अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. रॉजर नोल व अँड्रू झिम्बालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादिलेल्या ग्रंथात, असा खर्च स्थानिक उत्पन्नवाढीच्या रूपाने भरून येत नाही असे दाखविले आहे; कारण सामन्यावर खर्च होणारा पैसा बहुधा शहरातल्याच अन्य करमणुकीवरून वळविलेला असतो. प्रस्तुत लेखातील मुद्दा निराळा आहे. तोही अर्थविषयकच, परंतु शब्दार्थाच्या बाजूचा.

सेंट लुइस शहरातील व्यावसायिक फुटबॉल-संघ १९८८ साली ॲरिझोना राज्यात निघून गेला. नवा संघ मिळावा म्हणून मिसूरी राज्य, सेंट लुइस शहर व सेंट लुइस कौंटी यांनी रोखे उभारून आच्छादित क्रीडागार बांधावयास घेतले. संघ मात्र अद्याप हाती नव्हता. १९९५ साली लॉस एंजल्स परिसरातील रॅम्स संघ आला, तो या अडचणीचे मोल वसूल करूनच. भाडेकरारात अशी अट पडली की, २००५ व २०१५ या वर्षी क्रीडागार ‘फर्स्ट टिअर’, म्हणजे पहिल्या श्रेणीचे, असावे. अन्यथा दीर्घ मुदतीचे बंधन सुटून संघ जाण्यास मोकळा होईल. पहिली श्रेणी म्हणजे लीगमधील क्रीडागारांपैकी वरचा चतुर्थांश.

‘दगडी भिंत’ यातील विशेषण भिंतीपुरतेच पाहून पडताळता येते. ‘वर्गातला उंच मुलगा’ याचे तसे नाही. त्याची उंची तसूभरही घटली नाही, तरी सोबती वाढले की तो उंच राहत नाही. करारातील विशेषण या दुसऱ्या जातीचे होते. त्यामुळे अन्य शहराने बांधलेल्या प्रत्येक नव्या क्रीडागाराबरोबर सेंट लुइसच्या करदात्याचे दायित्व वाढत गेले. शिवाय सर्वच क्रीडागारे वरच्या चतुर्थांशात कधीही बसणार नाहीत. आपल्याकडे ‘अनुदान’ म्हटले की रक्कम ठरलेली आणि अटी देणाऱ्याच्या, हे विद्यापीठात काम करणाऱ्यास सांगावयास नको. येथे रक्कम मोकळी आणि अट घेणाऱ्याची होती.

ही केवळ वकिलांची अनवधानता म्हणून सोडून देता येणार नाही. बांधकाम सुरू झालेले, संघ नाही, अशा स्थितीतील पक्षास शब्द निवडण्याची मुभा फारशी नसते.

अर्थनिर्णयाचे काम अखेर लवादाकडे गेले. सार्वजनिक पक्षाने सुमारे १२.४ कोटी डॉलरांची सुधारणा सुचविली होती. संघाच्या योजनेचा अंदाज सुमारे ७० कोटींचा होता. २०१३ साली लवादाने संघाची योजनाच अटीस अनुरूप ठरविली. तेवढा खर्च करण्यास सार्वजनिक पक्ष तयार झाला नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये लीगच्या संघमालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी रॅम्सना लॉस एंजल्सला परतण्याची अनुमती दिली. जुन्या क्रीडागाराच्या रोख्यांची फेड त्या वेळी चालूच होती. २०२१ साली तडजोडीने सेंट लुइसला ७९ कोटी डॉलर मिळाले खरे. परंतु तो दावा लीगने स्थलांतराचे स्वतःचे नियम मोडल्याबद्दलचा होता, या कलमाविषयीचा नव्हे.