एक वही, तीन संगणक

आमच्या तीर्थरूपांनीं लिहून ठेवलेली कुलवृत्तान्ताची वही कित्येक वर्षें पेटींत पडून होती. कागद पिवळा पडून कडा झडूं लागल्या, तेव्हां गेल्या दिवाळींत घरच्या मंडळींनीं ती संगणकावर उतरविण्याचें काम वांटून घेतलें. परंतु पुतण्यानें टंकिलेलें पान सूनबाईंच्या संगणकावर उघडतांच ओळी सरकत, तळटीपा भलत्याच पानावर जात, आणि 'शुद्ध' ह्या शब्दांतलाच 'द्ध' फुटून अशुद्ध होई. तें पाहून आम्हांस फार वाईट वाटलें.

तेव्हां नातवानें 'टेक्' ही अक्षरजुळणीची आज्ञावली सुचविली. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ ह्यांना १९७७ सालीं स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें इतकीं असमाधानकारक वाटलीं कीं, त्यांनीं ही आज्ञावली स्वतःच रचावयास घेतली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं तिच्यावर 'लाटेक्' ही सुलभ रचना उभारली. हींत लेखकानें साधा मजकूर लिहावा व 'हें प्रकरण', 'ही टीप' एवढ्या खुणा कराव्या. ओळी तोडणें, टीपा लावणें, अनुक्रमणिका करणें हें छापखान्यांतील जुळाऱ्याचें काम आज्ञावली करते. मूळ फाईल साध्या मजकुराची असल्यामुळें ती कोणत्याहि संगणकावर उघडते.

ही आज्ञावली विनामूल्य मिळते. मात्र प्रत्येक संगणकावर ती बसविण्याची रीत निराळी. पुतण्याच्या विंडोजवर 'मिकटेक्' व 'टेक् लाइव्ह' असे दोन मार्ग होते. मिकटेक् थोड्या जागेंत मावतें व लागेल तें पॅकेज ऐन वेळीं इंटरनेटवरून आणतें. टेक् लाइव्ह पूर्ण घेतल्यास कित्येक गिगाबाइट जागा खातें; परंतु एकदां बसल्यावर इंटरनेटवांचून अडत नाहीं. पुतण्या कोंकणांत राहतो, तेथें इंटरनेटचा भरंवसा नाहीं. म्हणून आम्हीं टेक् लाइव्ह घेतलें. सूनबाईंच्या मॅकसाठीं तेंच 'मॅकटेक्' ह्या नांवानें मिळतें. नातवाच्या लिनक्सवर तें लिनक्सच्याच भांडारांत असतें. मात्र तेथील आवृत्ति कधीं कधीं जुनी असते. टेक् लाइव्हची नवी आवृत्ति दरवर्षीं निघते, म्हणून तिन्ही ठिकाणीं एकाच वर्षाची बसवावी हें उत्तम.

इतकें करूनहि पहिल्या रात्रीं देवनागरी अक्षरांऐवजीं चुकांची यादीच हातीं आली! दोष आमचाच. आम्हीं 'पीडीएफलाटेक्' चालविलें होतें. त्यास देवनागरी युनिकोड मजकूर थेट जुळवितां येत नाहीं. त्यासाठीं जोनाथन क्यू ह्यांच्या, २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या झीटेक्‌वर चालणारें 'झीलाटेक्' घ्यावें. मुंबईच्या आयआयटींत तयार झालेला 'शोभिका' हा टंक आम्हीं तिन्ही संगणकांवर बसविला. संस्कृतांतील अवघड जोडाक्षरेंहि त्यांत नीट उमटतात.

दुसऱ्या दिवशीं तेंच पान तिन्ही घरीं ओळीस ओळ सारखें उतरलें. 'शुद्ध' शुद्ध राहिला. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी वही असेल, त्यांनीं ती कसर लागण्यापूर्वींच उघडावी, एवढीच विनंती.