तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या धाकटीने न्हाणीघरातून हाक मारली आणि ओंजळ पुढे केली. ओंजळीत केसांचा पुंजका! मनगटाएवढ्या वेणीची ती पोर रडू लागली, आणि घरातला जो तो वैद्य झाला. आमच्या आत्याने जास्वंदीचे तेल उकळले, शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सुचवला, आणि मी शहाण्याने जाहिरात वाचून एक महागडी बाटली आणली. केस गळतच राहिले. पोर कॉलेजला जाईना की आरशापुढे उभी राहीना. अखेर तिला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले.

बाईंनी तेलाची चौकशीच केली नाही. त्यांनी विचारले, “तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?”

मी आठवू लागलो. धाकटीच म्हणाली, “मला डेंगी झाला होता.”

“मग हे केस तेव्हाच निघाले होते. आज बाहेर पडताहेत, एवढंच!”

मग त्यांनी सारे उलगडून सांगितले. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, नंतर सुमारे ३ महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे हा रोग नव्हे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झटपट वजन उतरवण्याचा अघोरी उपास, असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि २-३ महिन्यांनी एकदमच गळतात. मुळे शाबूत असतात. बहुधा ६ महिन्यांत गळती थांबते. तेलांची कीर्ती पसरते ती इथेच. गळती ऐन भरात असताना तेल सुरू करावे, ती आपल्या मुदतीने थांबावी, आणि श्रेय बाटलीला मिळावे!

“पण नुसती वाट पाहणंही बरं नव्हे,” बाई म्हणाल्या. रक्त तपासले तेव्हा लोह फार कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडच्या दोषानेही केस गळतात, तोही पाहिला. चाई पडली तर तिचे कारण निराळे: शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. तिथे स्टेरॉइडची इंजेक्शने उपयोगी पडतात. लहान मुलाच्या डोक्यावर खवले धरून केस तुटू लागले तर ती बहुधा बुरशी. तिला पोटातून औषध लागते. तिथे तेल चोळत बसणे म्हणजे आजाराला मुदत देणे.

निघताना मी हळूच टोपी काढली. “आणि आमचं?”

बाई हसल्या. पुरुषांचे असे टक्कल आनुवंशिक. शरीरातल्या हार्मोनमुळे मुळे वर्षानुवर्षे बारीक होत जातात. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचा डोक्यासाठी विचार झाला. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठीच्या फिनास्टेराइडच्या गोळीला १९९७ मध्ये. गोळीचे दुष्परिणामही असतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. औषध सोडले की लाभ ओसरतो. गुळगुळीत झालेल्या जागी मात्र फारशी आशा नाही. “तुम्ही पंधरा वर्षं आधी यायला हवं होतं!” मी टोपी पुन्हा चढवली.

दिवाळीपर्यंत धाकटीच्या कपाळाशी बोटभर नवे केस उभे राहिले. महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर, म्हणजे वेणी पूर्ववत व्हायला वर्षे लागणार. पण पोर आरशापुढे हसत होती. नरकचतुर्दशीला पहाटे तिच्या डोक्याला तेल चोळताना आत्या म्हणाली, “पाहिलंस? शेवटी माझंच तेल लागू पडलं!”

मी वाद घातला नाही. अभ्यंगाचे सुख तेलात असतेच. केस गळू लागले, तर मात्र बाटली शोधण्याआधी तीन महिने मागे वळून पाहावे.