आपले लेकरू आणि गावाची शाळा

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, ते दिवस आमच्या वाचकांपैकी कोणी विसरले असेल असे आम्हांस वाटत नाही. घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे तीन. सिग्नल मिळावा म्हणून टेकडीवर जाऊन बसणारी मुले. धाकट्याची अक्षरओळख पुसत चाललेली पाहून हताश झालेली आई. मिस्सा आटोपली की आईबाप आम्हांस विचारीत, “फादर, शाळा कधी उघडणार?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. निर्णय करणारे दूर राजधानीत होते.

अमेरिकेतील आईबापांची स्थिती याबाबतीत निराळी होती. तेथे सरकारी शाळांचा कारभार गावोगावच्या शिक्षण मंडळांकडे असतो. अशी मंडळे बारा-तेरा हजारांहून कमी नाहीत. त्यांचे सभासद बहुधा लोकांनीच निवडून दिलेले असतात, आणि मोबदला म्हणाल तर काहीच नाही किंवा नाममात्र. एरवी या निवडणुकांकडे फारसे कोणी ढुंकून पाहत नसे. परंतु महामारीने चित्र पालटले. शाळा बंद ठेवाव्यात की उघडाव्यात, मुलांना मास्कची सक्ती असावी की नसावी, लशीचे काय, या प्रश्नांवरून २०२१ साली मंडळांच्या सभा रात्री उशिरापर्यंत गाजू लागल्या. टेक्सासच्या गव्हर्नरांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात शाळांना मास्कची सक्ती करण्यास मनाई केली, तर कॅलिफोर्नियात शाळेत मास्क आवश्यक ठरला. एकाच देशात, एकाच वर्षी, एकीकडे जे बंधनकारक तेच दुसरीकडे निषिद्ध! मग ज्यांनी जन्मात कधी निवडणूक लढविली नव्हती, अशा कित्येक माता-पित्यांनी मंडळासाठी उमेदवारी अर्ज भरले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे हृदयातून आलेले होते, हे आपण मान्य केले पाहिजे. आपले मूल दिवसभर तोंड झाकून बसते, बाईंचे ओठ त्याला दिसत नाहीत, असे एक आई म्हणे. दुसरीचे मूल जन्मतः दुर्बळ, साध्या तापानेही ज्याच्या जिवावर बेतावे असे. शेजारच्या बाकावरील मुलाने मास्क लावला नाही तर मी याला शाळेत पाठवू कसे, असे ती विचारी. दोघीही आयाच.

सॅन फ्रान्सिस्को शहराची हकीकत बोलकी आहे. तेथील मंडळात सात सभासद. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या वर्षभर उघडल्याच नाहीत. वरच्या वर्गांतील बहुतेक मुले तर ऑगस्ट २०२१ मध्येच वर्गात परतली. मुले घरी बसलेली असताना जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. लोकांच्या संतापास पारावार उरला नाही, आणि शहराच्या शासनाने आपल्याच शाळाखात्यास न्यायालयात खेचले. तेव्हा एक माता व एक पिता पुढे झाले व त्यांनी सभासदांना परत बोलावण्यासाठी सह्यांची मोहीम आरंभिली. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदान होऊन तीन सभासद पायउतार झाले. प्रत्येकाविरुद्ध दोन-तृतीयांशांहून अधिक मते पडली.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. रिकाम्या जागी महापौरांनी ज्यांची नेमणूक केली, त्यांत या मोहिमेत राबलेल्या एक माताही होत्या. आता त्या पालक म्हणून सभेत तक्रार मांडणाऱ्या राहिल्या नव्हत्या. निर्णय घेणाऱ्यांच्या रांगेत बसल्या होत्या. काही महिन्यांनी उमेदवार म्हणून एका प्रश्नावलीस उत्तर देताना त्यांनी लिहिले की, कृष्णवर्णीय व अन्य उपेक्षित समाजांतील मुलांपुढील एक मोठी अडचण म्हणजे त्यांना कुटुंबाचा आधार नसणे. ज्या आईबापांनी त्याच दिवसांत दुहेरी पाळ्या करून मुलांचे पोट भरले, त्यांच्या काळजास हे शब्द लागले. बाईंनी क्षमा मागितली. मंडळाने त्यांना समज दिली. आणि नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. आम्ही त्यांस दोष देण्यास बसलेलो नाही. आपल्या मुलाचे दुःख जाणणे निसर्गतः येते. दुसऱ्याच्या मुलाचे दुःख जाणणे शिकावे लागते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही गोष्टींना हात घालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. लशीविषयी डिसेंबर २०२० मध्ये रोमहून आलेल्या टिपणातही हाच तोल आहे: लस घेणे सामान्यतः स्वेच्छेचे असावे, परंतु जो ती नाकारतो त्याने आपल्यामुळे दुर्बळांना रोग लागू नये म्हणून सर्व खबरदारी घेतली पाहिजे. हक्क आहे, आणि हक्काच्या पाठोपाठ शेजाऱ्याचे ऋणही आहे. शलमोन राजापुढे उभ्या राहिलेल्या त्या दोन स्त्रिया आठवा. खरी आई कोण ते राजाने कशावरून ओळखले? लेकरू जगावे म्हणून जिने आपला हक्क सोडला, तीच आई.

आता आपल्या दारातली गोष्ट. आपल्याकडे अशी निवडणूक नाही. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितले आहे. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा कारभार पाहणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे व विकासाचा आराखडा करणे ही तिची कामे. अनुदानित शाळांत तिने केवळ सल्ला द्यावयाचा असतो; पण विचारपूर्वक दिलेला सल्लाही काही कमी मोलाचा नसतो.

बंधुभगिनींनो, या समितीच्या सभेचे बोलावणे आले की आपण काय करतो? “शेतात काम आहे,” म्हणतो. कोणीतरी घरी आणून दिलेल्या वहीवर सही करतो, आणि पुढे वर्षभर शाळेच्या नावाने बोटे मोडतो. महामारीत ‘आम्हांस कोणी विचारीत नाही’ अशी आपली तक्रार होती. ती खरी होती. परंतु जेथे विचारतात, तेथील खुर्ची आपण रिकामी ठेवावी काय?

येत्या सभेस अवश्य जा. बोला, विचारा, हिशेब पाहा, पटले नाही तर विरोधही करा. मात्र उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर प्रार्थना करा आणि गावातील एका अशा मुलाची आठवण मनात धरा, ज्याच्या आईस रोजंदारी बुडवून सभेला येणे शक्य नाही. आपल्या लेकरासाठी तुम्ही बोलालच. त्या लेकरासाठी बोलणारे तेथे दुसरे कोणी नसेल.