घर मालकाचे, संसार भाडेकरूचा

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. नदीकाठच्या सखल वस्त्यांमधून पाणी घराघरांत शिरले. अशाच एखाद्या वस्तीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची कल्पना करू या. नवरा कारखान्यात कामाला जातो, बायको घरी शिवणकाम करते, मुलगी दहावीच्या परीक्षेची तयारी करते आहे. पाणी वाढू लागताच ही माणसे जीव वाचवून वरच्या मजल्यावर जातात. दोन दिवसांनी खाली येऊन पाहतात, तो गाद्या चिखलाने माखलेल्या, फ्रिज आडवा पडलेला, कपाटातले कपडे कुजलेले आणि शिलाई यंत्र गाळात रुतलेले.

घरमालक येतो. त्याने इमारतीचा विमा उतरवलेला असतो. ते ऐकून भाडेकरूच्या मनात आशा निर्माण होते, की आता आपल्याही वस्तूंची भरपाई मिळेल. परंतु ही आशा व्यर्थ ठरते. घरमालकाच्या विम्यातून भिंती, दारे, खिडक्या, फरशी यांची भरपाई होऊ शकते. भाडेकरूच्या गादीची आणि फ्रिजची नाही. काडी काडी जमवून उभा केलेला संसार ज्याचा असतो, त्याचा विमाही त्यालाच उतरवावा लागतो.

विमा कोणाचा, कशाचा?

विम्याचे एक मूलभूत तत्त्व आहे. ज्या वस्तूच्या नाशामुळे ज्याचे आर्थिक नुकसान होते, त्यालाच त्या वस्तूचा विमा उतरवता येतो. यास विमायोग्य हितसंबंध असे म्हणतात. इमारत पडली तर नुकसान मालकाचे होते. म्हणून इमारतीचा विमा मालकाने घ्यावयाचा. घरातील सामान भाडेकरूचे असते. म्हणून सामानाचा विमा भाडेकरूने घ्यावयाचा. घर स्वतःचे नसले तर विमा घेता येत नाही, हा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. केवळ सामानाचा विमाही उतरवता येतो.

१ एप्रिल २०२१ पासून भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने निवासी घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एक प्रमाणित विमापत्र लागू केले. कंपनी कोणतीही असली, तरी या विमापत्राची मूळ कलमे सारखीच असतात. त्यामुळे सामान्य ग्राहकाला ते समजून घेणे सोपे झाले आहे. इमारत, सामान किंवा दोन्ही यांसाठी ते घेता येते. भाडेकरूच्या उपयोगाचा आहे तो सामानाचा भाग.

कशापासून संरक्षण मिळते?

या विमापत्रात संकटांची एक यादी दिलेली असते. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, वणवा, वाहन अथवा झाड आदळणे, दंगल, द्वेषबुद्धीने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे ही त्यांतील प्रमुख संकटे होत. अमेरिकेत भाडेकरूंच्या नेहमीच्या विम्यात पुराचा समावेश नसतो. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. भारतातील या विमापत्रात मात्र पूर मूळ यादीतच आहे. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करता ही गोष्ट महत्त्वाची आहे.

चोरीच्या बाबतीत मात्र सावधपणे वाचले पाहिजे. वरीलपैकी एखादे संकट आले, त्यामुळे घर उघडे पडले आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तिची भरपाई मिळते. पुरामुळे कुटुंब नातेवाइकांकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी चोरट्यांनी उरलेली भांडी नेली, तर ते नुकसान या कलमात बसेल. एरवी कोणत्याही दिवशी होणाऱ्या चोरीसाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

घरफोडी या शब्दालाही विमापत्रात विशिष्ट अर्थ असतो. कुलूप तोडून, खिडकीचे गज वाकवून, म्हणजे बळाचा वापर करून चोर आत शिरला असेल, तरच ती घरफोडी. विमापत्रात अशी अट लिहिलेली असेल, तर बळाचा वापर झाल्याशिवाय केवळ चोरी झाली म्हणून दावा मान्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात स्पष्ट केले. दार उघडे ठेवून शेजारी गेले असता कोणी मोबाइल उचलून नेला, तर ती चोरी खरीच. पण अशा विमापत्राच्या भाषेत ती घरफोडी नव्हे.

कशाची भरपाई मिळत नाही?

विमापत्रातील ‘अपवाद’ या शीर्षकाखालील मजकूर बहुधा कोणी वाचत नाही, आणि पुढे वाद होतो तो त्याच मजकुरावरून. म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिला अपवाद रोख रक्कम आणि कागदपत्रांचा. नोटा, नाणी, धनादेश, रोखे, दस्तऐवज यांची भरपाई सामान्यतः मिळत नाही. मुलीची गुणपत्रिका पुरात गेली, तर विमा कंपनी ती परत आणून देऊ शकत नाही. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरसारख्या शासकीय सुविधेत ठेवणे हाच त्यावर उपाय.

दुसरा अपवाद दागिने व मौल्यवान वस्तूंचा. सोन्याचे दागिने, चांदीची भांडी, चित्रे यांचा समावेश सर्वसाधारण सामानात होत नाही. त्यांची यादी व किंमत स्वतंत्रपणे नोंदवून त्यांचे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते.

तिसरा अपवाद विजेच्या उपकरणांचा. दाब कमीजास्त होऊन किंवा शॉर्टसर्किट होऊन दूरदर्शन संच जळाला, तर त्या संचाची भरपाई मिळत नाही. परंतु त्या संचातून उडालेल्या ठिणगीने आग लागून पडदे, पलंग व कपाट जळाले, तर त्या वस्तूंची भरपाई मिळते. बिघाड ही यंत्राची बाब, आग ही संकटाची बाब, असा हा भेद आहे.

चौथा अपवाद वाहनांचा. जिन्याखाली ठेवलेली दुचाकी पुरात बुडाली, तर तो विषय वाहनविम्याचा. त्यातही कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ-पक्ष विमा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीला उपयोगी पडत नाही.

पाचवी बाब व्यवसायाची. हे विमापत्र निवासासाठी आहे. घरात शिवणकामासाठी आणलेले गिऱ्हाइकांचे कापड किंवा डबे पुरवण्यासाठी भरलेले धान्य हा व्यवसायाचा माल ठरतो. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे लहान उद्योगांसाठीचे वेगळे विमापत्र आहे. आरंभी पाहिलेल्या कुटुंबातील बाईने आपले शिलाई यंत्र कोणत्या विमापत्रात येईल, हे विमा घेतानाच लेखी विचारून घेतले पाहिजे.

याशिवाय युद्ध, किरणोत्सर्ग, जाणूनबुजून केलेले नुकसान, हरवलेल्या किंवा कोठे ठेवल्या हे न आठवणाऱ्या वस्तू यांनाही संरक्षण नसते. घर राहण्यास अयोग्य झाल्यामुळे दुसरीकडे द्याव्या लागणाऱ्या भाड्याचे कलम या विमापत्रात असले, तरी ते इमारतीच्या भागाशी जोडलेले आहे. केवळ सामानाचा विमा घेणाऱ्याने ते आपल्याला लागू होते का, याची खात्री करून घ्यावी.

भाडेकरूची जबाबदारी

आपल्या निष्काळजीपणामुळे मालकाच्या घराचे नुकसान झाले तर काय, हाही प्रश्न आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती सोडता, घर चांगल्या स्थितीत ठेवण्याची व परत करण्याची जबाबदारी भाडेकरूवर असते. गॅस चालू ठेवून बाहेर गेल्यामुळे आग लागली, तर मालक भरपाई मागू शकतो. मालकाला भरपाई दिल्यावर त्याची विमा कंपनीही मालकाच्या जागी उभी राहून ती रक्कम भाडेकरूकडून वसूल करू पाहते. सामानाच्या विम्यात ही जबाबदारी आपोआप येत नाही. काही कंपन्या दायित्वाचे संरक्षण वेगळा हप्ता घेऊन देतात.

रक्कम किती असावी?

आज त्या वस्तू नव्याने घ्यावयाच्या झाल्यास किती खर्च येईल, तेवढी विमा रक्कम असावी. काही विमापत्रांत कमी रकमेचा विमा घेतल्यास भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. चार लाखांच्या सामानाचा दोन लाखांचाच विमा असेल आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर अशा विमापत्रातून पन्नास हजारच मिळतात. ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात ही कपात माफ केलेली आहे. तरीही सर्व सामान नष्ट झाले, तर दोन लाखांहून अधिक रक्कम मिळणार नाही, हे ध्यानात ठेवावे. घर बदलल्यास नवा पत्ता कंपनीस त्वरित कळवावा. कारण संरक्षण विमापत्रात लिहिलेल्या पत्त्यावरील सामानाला असते.

दावा कसा करावा?

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. सामानाची यादी, छायाचित्रे व खरेदीच्या पावत्या आधीच तयार ठेवाव्यात. नुकसान होताच कंपनीस कळवावे. घरफोडी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी. आग लागल्यास अग्निशमन दलाचा अहवाल घ्यावा. शक्य असेल तितके सामान वाचवावे, परंतु सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी खराब वस्तू फेकून देऊ नयेत. आरोग्याच्या दृष्टीने फेकणे भागच असेल, तर आधी छायाचित्रे काढावीत. वस्तूंची किंमत फुगवून सांगू नये. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. एक खोटी नोंद संपूर्ण दावा बुडवू शकते.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात आणि वकिलाची आवश्यकता नसते. मुंबई, पुणे, अहमदाबाद, भोपाळ, हैदराबाद, दिल्ली अशा अनेक शहरांत ही कार्यालये आहेत.

पूर थांबवणे कोणाच्या हाती नाही, आणि विम्याने गेलेल्या वस्तूंच्या आठवणी परत येत नाहीत. परंतु पाणी ओसरल्यावर गादी, स्टोव्ह आणि चार भांडी पुन्हा घेता येणे, हा माणसाला मोठा आधार असतो. तो आधार किती आहे आणि कोठे संपतो, हे विमापत्रावर सही करण्यापूर्वी वाचून समजून घेणे, हेच सुजाण भाडेकरूचे पहिले काम होय.

स्वाध्याय

१. घरमालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या सामानाची भरपाई का मिळत नाही?
२. ‘चोरी’ आणि ‘घरफोडी’ यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
३. शॉर्टसर्किट झाल्यावर कोणत्या नुकसानीची भरपाई मिळते व कोणत्या नाही?
४. आपल्या घरातील सामानाची यादी करा. त्यांतील कोणत्या वस्तू सर्वसाधारण सामानाच्या विम्यात येणार नाहीत, ते कारणांसह लिहा.